दहा बोटांना सुई टोचा म्हणे!

परवा तो मेसेज आमच्या घरच्या ग्रुपवर पुन्हा येऊन पडला. खाली चार नमस्कार, दोन ‘खूप उपयुक्त माहिती’. ज्या दादांनी टाकला त्यांना चांगलं ठाऊक आहे की याच मेसेजपायी आमच्या मामांची दहाही बोटं टोचून झाली आहेत. त्याला अजून तीन महिने झाले नाहीत. तरी टाकला. म्हणून लिहितोय, आणि गोड बोलून लिहिणार नाही.

ज्यांच्यापर्यंत तो पोचला नसेल त्या भाग्यवंतांसाठी मजकूर थोडक्यात सांगतो. कुणाला लकव्याचा झटका आला तर त्याला जागेवरून अजिबात हलवू नका, हलवलंत तर मेंदूतल्या केशवाहिन्या फुटतील. सुई गॅसवर तापवून दहाही बोटांच्या टोकांना टोचा आणि रक्ताचा थेंब येऊ द्या. तोंड वाकडं झालं असेल तर कान लाल होईपर्यंत ओढा, मग पाळ्यांना दोन-दोनदा टोचा. काही मिनिटांत माणूस भानावर येईल, त्यानंतर दवाखान्यात न्या. वर पुरवणी अशी की झटका बाथरूममध्ये येतो, कारण आपण आधी डोक्यावर पाणी घेतो. सांगणारा कोण, तर एक चिनी प्राध्यापक. त्याला नाव नाही, गाव नाही, विद्यापीठ नाही.

आधी सुई. झटका येतो म्हणजे बहुतेक वेळा मेंदूकडे जाणारी एखादी धमनी रक्ताच्या गुठळीने तुंबते. उरलेल्या वेळा धमनी फुटून मेंदूत रक्त सांडतं. दोन्हीकडे बिघाड कवटीच्या आत असतो. बोटाच्या टोकातून निघालेल्या थेंबाला त्या गुठळीचा पत्ता कोण सांगणार? दहा थेंब म्हणजे जेमतेम अर्धा मिलीलिटर. गणपतीतल्या रक्तदान शिबिरात आपण ३५० मिलीलिटर देऊन येतो. रक्त काढून लकवा जात असता तर मंडळाच्या मांडवातच वॉर्ड उघडला असता. झटक्याच्या वेळी बोट टोचायचं एकच शहाणं कारण आहे: साखर तपासणं. साखर फार उतरली तरी माणूस असाच अडखळत बोलतो, अंग लुळं पडतं. पण त्याला एक बोट पुरतं, आणि ग्लुकोमीटर लागतो.

कान ओढण्याबद्दल काय बोलू? मेंदूचं रक्त वेगळ्या धमन्यांतून जातं, कानाच्या पाळीचं वेगळ्या. आमच्या चौथीच्या गुरुजींनी अख्ख्या वर्गाचे कान लाल केले होते, मेंदूत फरक पडल्याचं कुणाला दिसलं नाही.

पण माझा खरा राग ‘हलवू नका’ या दोन शब्दांवर आहे.

मामांचं सांगतो. सकाळी सव्वासात. मामींनी चहा दिला, कप उजव्या हातातून सुटला, चहा लेंग्यावर सांडला आणि मामा त्याच्याकडे नुसते बघत राहिले. चटका बसला हेही बोलता येईना. ‘अंगावरून वारं गेलं’ असं कुणीतरी म्हणालं, आणि तिथेच घोळ सुरू झाला. (आपला हा वाक्प्रचारही गमतीचाच. वारं आलं म्हटलं की ते थोड्या वेळाने निघूनही जाईल असं वाटतं.) शिलाई मशीनच्या खणातून सुई आली. शेजारच्या काकांनी मोबाईल डोळ्यांसमोर धरून पोथी वाचावी तसा मेसेज वाचला, एकेक ओळ, एकेक बोट. मग कान. मग ‘हलवू नका’ लिहिलंय म्हणून मामा भानावर येण्याची वाट पाहत सगळे बसले. नऊ वाजेपर्यंत. नंतर गावातला दवाखाना, तिथे सीटी स्कॅन नाही, तिथून शहर. पोचलो तेव्हा बारा वीस झाले होते.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी बोटं पाहिली. प्रत्येकावर एक काळपट ठिपका, डाव्या अंगठ्यावर दोन. काही बोलल्या नाहीत. विचारलं एवढंच: ‘शेवटचे धड कधी होते? नक्की किती वाजता?’

हा प्रश्न उगाच नसतो. गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनचा उपयोग १९९५ साली सिद्ध झाला, तेव्हा मुदत होती तीन तासांची. २००८ च्या अभ्यासानंतर ती साडेचार तासांवर गेली. आधी स्कॅन करावाच लागतो, कारण आत रक्तस्राव असेल तर तेच इंजेक्शन जीव घेईल. काही निवडक रुग्णांत तार घालून गुठळी ओढून काढता येते, तेही पुष्कळ उशिरापर्यंत, पण ती सोय मोठ्या केंद्रांत. मामांना पाच तास होऊन गेले होते. इंजेक्शन मिळालं नाही.

मोठी धमनी तुंबली की दर मिनिटाला सरासरी १९ लाख चेतापेशी मरतात, असा हिशेब २००६ मध्ये एका न्यूरॉलॉजिस्टने मांडला. सव्वासात ते नऊ म्हणजे १०५ मिनिटं. गुणाकार करून बघा, २० कोटींच्या आसपास जातो. आम्ही तेवढा वेळ चटईभोवती बसून होतो. आणि उचलून गाडीत ठेवल्याने फुटतील अशा कुठल्या केशवाहिन्या तिथे टांगलेल्या नसतात. रक्तस्राव होतो तोही बहुतेकदा वर्षानुवर्षं वाढलेल्या रक्तदाबाने जीर्ण झालेल्या बारीक धमन्यांतून.

आता ग्रुपवरचं हुकमी उत्तर: ‘आमच्या साडूंना टोचलं आणि ते दहा मिनिटांत बरे झाले.’ झाले असतील. काही वेळा गुठळी आपणहून सुटते आणि लक्षणं मिनिटांत जातात. सुई नसती तरी गेली असती. पण त्याला बरं होणं म्हणत नाहीत, ती पहिली घंटा असते. २००० सालच्या एका मोठ्या अभ्यासात अशा दर दहातल्या एकाला तीन महिन्यांत खरा झटका आला, आणि त्यातले निम्मे पहिल्या दोनच दिवसांत. साडूंना त्या दिवशी डॉक्टरांकडे नेलं होतं का, एवढं विचारा.

बाथरूमचं थोडं कबूल करतो, नाइलाजाने. सकाळच्या वेळी झटके जास्त येतात हे खरं आहे. उठल्यावर रक्तदाब चढतो, थंडीत आणखी चढतो, आणि सकाळी माणूस बाथरूममध्येच असतो. तांब्या आधी पायावर घेतला की डोक्यावर, याचा त्यात संबंध नाही. ज्यांना कारणंच हवी आहेत त्यांनी २०१६ चा ‘इंटरस्ट्रोक’ अभ्यास बघावा: ३२ देश, भारतही त्यात, सुमारे २७ हजार माणसं. झटक्याचा ९० टक्के धोका दहा गोष्टींत सापडला. रक्तदाब सगळ्यात वर, मग तंबाखू-सिगारेट, मधुमेह, पोटाचा घेर, रक्तातली चरबी, हृदयाचे विकार, बसून राहणं, खाणं, दारू, मानसिक ताण. आंघोळीचा क्रम त्या यादीत नाही.

आणखी एक खरी गोष्ट मेसेजच्या तळाशी आहे: हसायला सांगा, एक वाक्य बोलायला सांगा, दोन्ही हात वर करायला सांगा. हे बरोबर आहे. यातलं एक जरी जमलं नाही तरी घड्याळ बघा, वेळ लिहून ठेवा, १०८ लावा आणि सीटी स्कॅन कुठे आहे हे विचारतच निघा. तोंडात पाणी घालू नका, ठसका लागून फुफ्फुसात जातं. घरातली रक्तदाबाची किंवा रक्त पातळ करायची गोळी आपल्या मनाने देऊ नका. या तीन बरोबर ओळींमुळेच वरचा कचरा लोकांच्या गळी उतरतो.

‘पण टोचून नुकसान काय?’ असं दादांनी लिहिलंय. मामा शर्टाची बटणं डाव्या हाताने लावतात, तीही अर्धी. मामी उरलेली लावतात.

त्याच आठवड्यात मामांचं कपाट आवरताना रक्तदाबाच्या गोळ्यांची पाकिटं सापडली. चार महिन्यांपूर्वीची, एकातल्या सहाच गोळ्या संपलेल्या. विचारलं तर मामा बराच वेळ शब्द शोधत राहिले आणि म्हणाले, ‘बरं... वाटत... होतं.’