मार्श १ म्हणजे लगेच सीलिअ‍ॅक नव्हे

लहान आतड्याच्या बायॉप्सीत (तपासणीसाठी काढलेल्या तुकड्यात) ‘मार्श १’ आलं की सीलिअ‍ॅक (गव्हातल्या ग्लुटेनमुळे आतड्याला इजा होणारा आजार) समजून गहू बंद करा, असा सल्ला एका लेखात वाचला; तो घाईचा आहे. मार्श १ म्हणजे विलाय (आतड्याच्या अस्तरावरचे बोटांसारखे उंचवटे) शाबूत, फक्त दर १०० एपिथेलियल (अस्तराच्या) पेशींमागे लिम्फोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) २५ पेक्षा जास्त. अशांपैकी बहुतेकांना सीलिअ‍ॅक नसतो. एच. पायलोरी (जठरातला जीवाणू), आयबुप्रोफेन-डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या, जिआर्डिया (आतड्यातला परजीवी), लहान आतड्यात वाढलेले जीवाणू, क्रोन्स (आतड्याचा दाहाचा आजार), यांनीही हेच चित्र दिसतं. रक्तदाबाची गोळी ओल्मेसार्टन तर विलाय पार सपाट करू शकते, म्हणून औषधांची यादी आधी तपासा, अंगदुखीवर केमिस्टकडून परस्पर घेतलेल्या गोळ्यांसकट.

चपाती-पाव चालू असतानाच टीटीजी-आयजीए (सीलिअ‍ॅकची रक्ततपासणी) आणि सोबत एकूण आयजीए (ती ज्यावर अवलंबून असते त्या प्रतिपिंडाचं प्रमाण) करा. एकूण आयजीएच कमी असेल तर टीटीजी फसवं निगेटिव्ह येतं. गहू आधीच सोडून भाकरीवर आला असाल, तर एचएलए डीक्यू२/डीक्यू८ ही जनुकं रक्तात तपासावी. दोन्ही नसतील तर सीलिअ‍ॅक जवळपास बाद. असतील तर मात्र काहीच सिद्ध होत नाही, निरोगी माणसांतही ती सर्रास सापडतात.

बायॉप्सीच्या नमुन्यांचं गणितही महत्त्वाचं: ड्युओडेनमच्या (लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागाच्या) दुसऱ्या भागातून किमान ४, बल्बमधून (त्याच्या अगदी पहिल्या भागातून) १-२. तुकडा तिरका कापला गेला की विलाय उगाच आखूड दिसतात.

मुंबईच्या पावसाळ्यात जुलाब रेंगाळले असतील तर जिआर्डियासाठी शौचाचे वेगवेगळ्या दिवशीचे ३ नमुने द्या, एकात तो सहज निसटतो. बी१२ आणि फोलेट दोन्ही घसरले असतील तर ट्रॉपिकल स्प्रूचा (उष्ण प्रदेशात आढळणारा, अन्नातले घटक नीट शोषले न जाण्याचा आजार) विचार हवा. त्यावर डॉक्टर फोलिक अ‍ॅसिड आणि टेट्रासायक्लिन (प्रतिजैविक) काही महिने देतात. गहू सोडून तो बरा होत नाही.