दोन टोकं वाऱ्यावर, मधल्याची चिंता

पोट बिघडवणं वाटतं तितकं सोपं नाही, हे आधीच सांगून ठेवतो. नंतर तक्रार नको. तुमची गाठ एका भलत्याच शिस्तीच्या, तोंडातून चकार शब्द न काढता राबणाऱ्या यंत्रणेशी आहे. तोंडापासून गुदद्वारापर्यंत सुमारे ९ मीटर लांबीची ती नळी. शाळेत आपण सगळ्यांनीच तिची आकृती काढली, यकृताला तपकिरी रंग फासला, बाण मारून नावं लिहिली आणि मार्क पदरात पडताच तिला विसरलो. (ज्यांचा एक मार्क गेला त्यांचा तो स्वादुपिंडाच्या जागेवरच गेला असणार.) विसरलो ते बरंच झालं म्हणा. कारण त्या आकृतीत एक गैरसोयीची गोष्ट होती. एवढ्या लांबलचक नळीत आपल्या मर्जीवर चालतात ती फक्त दोन टोकं. वर चावणं आणि गिळणं, खाली शौचाला जाणं किंवा ते दाबून धरणं. मधल्या कारभारात आपल्याला कुणी काडीचंही विचारत नाही.

तेव्हा धोरण सरळ ठेवा. जे आपल्या हातात आहे त्याकडे ढुंकूनही पाहायचं नाही आणि जे हातात नाही त्यात जमेल तेवढी लुडबुड करायची.

सुरुवात वरून करू. तोंडात लाळग्रंथींच्या मुख्य ३ जोड्या असतात. त्या दिवसाकाठी १ ते दीड लिटर लाळ तयार करतात आणि त्या लाळेतलं टायलिन पिष्टमय पदार्थांचं पचन तोंडातच सुरू करतं. भाकरीचा घास बराच वेळ चावत बसलं की गोडसर लागायला लागतो, तो त्यामुळे. ही गोडी तुम्हाला आयुष्यात कधी कळता कामा नये. पोहे उभ्याउभ्या खावेत, एक पाय बुटात असताना. घास जिभेला न शिवता घशात उतरला पाहिजे, अडकलाच तर वर पाणी ओता. पोट भरल्याची वर्दी मेंदूपर्यंत नीट पोचायला साधारण २० मिनिटं लागतात, त्याच्या आत तुमची तिसरी पोळी आणि दुसऱ्यांदा घेतलेला भात संपलेला हवा. एकदा वर्दी पोचली की जेवणातली मजाच जाते.

अन्ननलिकेचं फार मनावर घेऊ नका. २५ सेंटिमीटरचा तो बोळ, घास ८-१० सेकंदांत पार होतो. स्नायूच त्याला ढकलत नेतात, त्यामुळे तुम्ही शीर्षासनात खाल्लंत तरी तो जठरातच जाणार. तळाशी एक झडप मात्र आहे. तिचा समाचार रात्री घेऊ.

खरी करामत जठरात. तिथे हायड्रोक्लोरिक आम्ल असतं, पचनाबरोबर अन्नातून आलेल्या बहुतेक जंतूंचा निकालही ते लावतं. त्या आम्लाने जठरच जळू नये म्हणून आतून चिकट श्लेष्म्याचा लेप असतो आणि अस्तराच्या पेशी दर काही दिवसांनी नव्या येतात. आत काय चालतं हे माणसाने प्रत्यक्ष पाहिलं ते एका अपघातामुळे. १८२२ साली अमेरिकेतल्या मॅकिनॅक बेटावर अलेक्सिस सेंट मार्टिन नावाच्या तरुणाला बंदुकीची गोळी लागली. तो वाचला, पण पोटाला पडलेलं भोक काही बुजलं नाही. मग विल्यम बोमाँट या लष्करी डॉक्टरने रेशमी दोऱ्याला मांसाचे, पावाचे, कोबीचे तुकडे बांधून त्या भोकातून आत सोडले आणि थोड्या थोड्या वेळाने ओढून बघितले. वर्षानुवर्षं. गडी वैतागला नसता तरच नवल. आणि तो चिडला की पचन बिघडतं, हेही डॉक्टरच्या नजरेस आलं. आपल्याला हे फुकटात कळलंय, तर फायदा घ्या. जेवायला बसताना टीव्हीवर चर्चेचा कार्यक्रम लावावा किंवा सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर पार्किंगचा विषय काढावा आणि मग वरणभात कालवावा.

दोन जेवणांच्या मध्ये काय होतं, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. पोट रिकामं असलं की दीड-दोन तासांनी एकदा जठरापासून लहान आतड्याच्या शेवटापर्यंत आकुंचनाची एक लाट जाते. उरलंसुरलं अन्न आणि जंतू ती पुढे लोटते. ही झाडलोट काही खाल्लं की थांबते. तुम्ही ती होऊच द्यायची नाही. अकराला चहा-बिस्किट, साडेबाराला कुणीतरी गावाहून आणलेला पेढा, चारला परत चहा आणि चिवडा, सहाला वडापाव कारण भूक लागलेली नाही पण समोर गरम निघतोय. हे सगळं खाण्यात धरायचं नसतं, एवढं पथ्य पाळा.

आता रात्र. साडेदहाला जेवा आणि अकराला आडवे व्हा. अन्ननलिकेच्या तळाची ती झडप आम्लाला वर येऊ देत नाही, तिला सैल करायला तळलेलं, चॉकलेट, सिगारेट, दारू यांपैकी जे परवडेल ते चालतं. आपल्या आजोबांची वामकुक्षी म्हणजे डाव्या कुशीवर घटकाभर पडणं. जठराचा फुगीर भाग डावीकडे असल्याने त्या कुशीवर आम्ल वर यायला कमी वाव मिळतो. म्हणून तुम्ही उजव्या कुशीवर वळा. मोबाइलचा चार्जरही तिकडेच असतो.

छातीत जळजळायला लागलं की लुडबुडीचा मुहूर्त आला. आम्ल तयार करणारे पंपच बंद करणाऱ्या गोळ्या मिळतात, त्या रिकाम्या पोटी, जेवणाआधी अर्धा तास घ्यायच्या असतात. तुम्ही मिसळीवर ताव मारून झाल्यावर घ्या, म्हणजे मिसळ आणि गोळी दोन्ही वाया जातील. डॉक्टरांनी काही आठवड्यांसाठी लिहून दिली असेल तर काही वर्षं चालवा. ब-१२ कमी झालं तर त्याची वेगळी गोळी आहेच. साडूलाही सुचवा, त्यालाही हल्ली गॅस होतात.

यकृतावर तुमचा विश्वास नसेलच. दीड किलोचा तो अवयव रक्तातली घाण रात्रंदिवस निवडतो, शिवाय रोज अर्धा ते एक लिटर पित्तरस पाझरतो. तरी त्याला दुधीभोपळ्याच्या रसाने 'डिटॉक्स' करावं. रस कडू लागला तर मात्र थुंका, कडू दुधी खरोखर विषारी असतो. (हे उपरोधात धरू नका.)

लहान आतड्यात तुम्हाला फारसं काही करता येणार नाही, याचं वाईट वाटतं. अन्नातलं सत्त्व शोषण्याचं बहुतेक काम तिथेच. त्यासाठी आतून लाखो बारीक उद्वर्ध, म्हणजे बोटांसारखे इवलेसे उंचवटे आहेत. त्यांच्या घड्या उलगडल्या तर टेनिस कोर्ट भरेल असं पुस्तकं सांगायची. २०१४ साली स्वीडनमधल्या संशोधकांनी पुन्हा हिशोब केला तर अख्ख्या पचनमार्गाचं अस्तर जेमतेम ३२ चौरस मीटर भरलं, म्हणजे अर्धं बॅडमिंटन कोर्ट. ३४० चौरस फूट कार्पेट. मुंबईत तेवढ्यात चौघांचा संसार होतो, त्यामुळे नाराज व्हायचं कारण नाही.

राहिलं खालचं टोक. सकाळी पोटात काही गेलं की मोठ्या आतड्याला आपोआप चालना मिळते आणि कळ येते. नेमकी तेव्हाच इस्त्री करायला घ्या. दाबून धरलं की मळातलं पाणी आणखी शोषलं जातं आणि तो कडक होतो. मग इसबगोल आहे, चमचाभर घ्या आणि त्यावर पाणी घोटभरच प्या. पाणी शोषून फुगणं एवढंच त्याचं काम असल्याने पाण्यावाचून तो आतच ठाण मांडतो. उकिडवं बसलं की मलाशयाचा मार्ग सरळ होतो, तेव्हा पायाखाली पाट घेण्याची चूक करू नका. कमोडवर ऐसपैस बसा, मोबाइल काढा, जोर लावत लावत अख्खी फीड संपवा. मूळव्याधीला बैठक लागते.

शेवटी डॉक्टरांकडे जाणं आलंच. ते विचारतील, जेवण कसं असतं? न अडखळता सांगा, "अगदी साधं, घरचं." बाहेरचं खाता का? "कधीतरी." आणि औषध लिहून व्हायच्या आत विचारून घ्या की गोळी चहाबरोबर चालेल का.