चीनची क्रांती ही रशियाची नक्कल नव्हती

आज एका व्याख्यानात वक्ते ठणकावून म्हणाले, "रशियात झालं तेच चीनमध्ये झालं, फक्त तीस वर्षं उशिरा." सभागृहाने टाळ्या वाजवल्या. माझं डोकं अजून शांत झालेलं नाही.

माझे आजोबा सोलापूरला गिरणीत होते. मी शाळेत असताना त्यांनी फरशीवर खडूने दोन नकाशे काढले होते. रशियात आधी राजधानीवर फुली, मग तिथून बाहेर जाणारे बाण. चीनमध्ये सगळे बाण खेड्यांतून आत येणारे आणि मोठ्या शहरांवर फुल्या सगळ्यात शेवटी. चौथीपर्यंत शिकलेल्या माणसाला हे कळत होतं!

रशियाचा सम्राट झार मार्च १९१७ मध्येच गेला होता. सैन्य युद्धाला विटलेलं, राजधानी पेट्रोग्राडमध्ये पावासाठी रांगा. नोव्हेंबरात लेनिनच्या हाती सत्ता आली, देश मात्र यादवी लढून मिळवावा लागला. खेड्यात बोल्शेविकांची, म्हणजे लेनिनच्या पक्षाची, मुळं नव्हतीच, म्हणून धान्य काढायला बंदूकवाल्या तुकड्या पाठवल्या. चीनमध्ये शहरातला रस्ता १९२७ सालीच बंद झाला. राष्ट्रवादी पक्षाच्या चँग कै-शेकने शांघायमध्ये कम्युनिस्टांची कत्तल केली. मग डोंगर, खेडी, १९३४ चा लाँग मार्च म्हणजे वेढ्यातून निसटून केलेली लांबची पायपीट, आणि शेवटी उत्तरेतला येनानचा तळ. कुळांचा खंड कमी करत, शेतकऱ्यांचं सैन्य उभारत १९४९ उजाडलं. राज्य करायला चिनी कम्युनिस्ट सत्तेवर येण्याआधीच शिकले होते.

मॉस्कोची माणसं आणि पैसा होता, ईशान्य चीनमधल्या मांचुरियात सोव्हिएत सैन्याचा फायदा झाला, मान्य. पण त्याच मॉस्कोच्या स्टालिनने ऑगस्ट १९४५ मध्ये चँगच्या सरकारशी तह केला होता.

आजोबांनी चीनच्या उत्तरेला एक ठिपका दिला होता. "इथं आपले कोटणीस." सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये गेले, जपानशी लढणाऱ्या सैनिकांवर उपचार करता करता १९४२ मध्ये तिथेच वारले. तो ठिपका आठवला की राग थोडा निवळतो. जपानी आक्रमणामुळेच चिनी कम्युनिस्ट पक्ष खेडुतांना देश वाचवणारा वाटला. लेनिनने तर शांतता कबूल करून सत्ता घेतली होती.

दुष्काळ दोन्हीकडे पडले, दोन्हीकडे माणसं मारली गेली, हे मी नाकारत नाही. पण ज्या खेड्यांनी माओला डोक्यावर घेतलं, पोरं सैन्यात दिली, त्याच खेड्यांत १९५९ ते ६१ मध्ये कोट्यवधी माणसं उपाशी मेली. हा घरच्यांनी केलेला घात होता. रशियन शेतकऱ्याला बोल्शेविक आधीपासूनच परके होते. "दोन्ही एकच" म्हटलं की ती चिनी माणसं दुसऱ्यांदा पुसली जातात, आणि याचीच मला सगळ्यात जास्त चीड येते.

पुढच्या महिन्यात याच मालेत चीनवर व्याख्यान आहे. मी प्रश्न लिहून नेणार आहे. ज्यांना जमेल त्यांनी या.