दोन ग्रॅमने जिंकलेला कॅमेरा

खिशात मावणारा एक डिजिटल कॅमेरा घ्यायचा, एवढीच साधी इच्छा धरणाऱ्या माणसाचा पुरता अंत पाहायचा, असा चंग बांधूनच तुलनेचे तक्ते तयार केले जात असावेत, याविषयी आता माझ्या मनात फारशी शंका उरलेली नाही. डावीकडे एक कॅमेरा, उजवीकडे दुसरा, मध्ये ओळींची भलीमोठी उतरंड, आणि प्रत्येक ओळीत कोणीतरी जिंकलेच पाहिजे असा हट्ट. मी ज्या दोन कॅमेऱ्यांपाशी अडकून पडलो आहे ते काही आडवळणाचे नाहीत. एक सोनीचा आरएक्स१०० मार्क ७ आणि दुसरा कॅननचा जी७ एक्स मार्क ३. दोन्ही २०१९ साली बाजारात आले, दोन्हींचा सेन्सर, म्हणजे प्रकाश टिपून चित्र बनवणारी चिप, एकाच मापाचा आहे, आणि दोन्हींवर इतके लिहिले गेले आहे की निवड करणे अगदी सोपे जायला हवे होते. पण तक्ता उघडला की पहिल्याच ओळीत डोके फिरते. पहिल्याचे वजन ३०२ ग्रॅम, दुसऱ्याचे ३०४. म्हणून पहिल्यासमोर हिरवी खूण आणि शेजारी ‘अधिक हलका’ असा शेरा. दोन ग्रॅम! मनगटात अडकवायच्या दोरीची लांबी थोडी बदलली तरी हा विजय उलटा फिरेल.

त्या खुणेची गंमत वाटून सोडून देता आले असते, पण खाली जाऊन या सगळ्या खुणांची बेरीज केली जाते, आणि तिथे माझा संताप सुरू होतो. पहिल्या कॅमेऱ्यात डोळा लावून पाहायचा व्ह्यूफाइंडर आहे, दुसऱ्यात तो मुळीच नाही. भर उन्हात मागचा पडदा काळाठिक्कर दिसत असताना, आपण फोटो कशाचा काढतो आहोत हे दिसणे आणि न दिसणे एवढा तो फरक आहे. त्यालाही एक खूण आणि दोन ग्रॅमलाही एकच खूण. उलट बाजूने पाहिले तर दुसऱ्या कॅमेऱ्याच्या लेन्समध्ये प्रकाश कमी करणारा एनडी फिल्टर आतच बसवलेला आहे, पहिल्यात तो नाही. वाहते पाणी दुधासारखे दाखवायचे असेल किंवा उन्हात ॲपर्चर, म्हणजे लेन्समधले प्रकाश आत येण्याचे भोक, मोठे ठेवून चित्रफीत घ्यायची असेल, तर त्याची किंमत कळते. ही बाब बऱ्याच तक्त्यांमध्ये सापडतच नाही, कारण ‘आहे’ किंवा ‘नाही’ यापलीकडे तिची संख्या करता येत नाही. जे मोजता येते ते छापायचे आणि जे उपयोगी पडते ते गाळायचे, असा हा कारभार आहे. कोण चांगला गवई हे दोघांच्या चपलांच्या मापावरून ठरवावे, त्यातलाच हा प्रकार.

मेगापिक्सेलबद्दल नव्याने काही लिहावे लागू नये, इतकी वर्षे तो भ्रमाचा भोपळा फुटून झाली आहेत, तरीही तक्त्यात ती ओळ सर्वांत ठळक असतेच. या दोन कॅमेऱ्यांचे मेगापिक्सेल सारखेच, २०.१, म्हणून तिथे ‘बरोबरी’ असा निकाल लागतो आणि शेजारी तिसरा, कोणा अनोळखी नावाचा, ४८ मेगापिक्सेलचा कॅमेरा सुचवला जातो, जो या दोघांनाही ‘हरवतो’. १२ चे ४८ मेगापिक्सेल झाले तरी चित्राची लांबी-रुंदी प्रत्यक्षात दुप्पटच होते, चौपट नव्हे, हे कोणी सांगत नाही. आणि स्वस्तातल्या कित्येक कॅमेऱ्यांमध्ये तो मोठा आकडा सेन्सरवरच्या खऱ्या बिंदूंचा नसून गणिताने फुगवलेल्या चित्राचा असतो, हे तर त्याहून कोणी सांगत नाही.

सेन्सरच्या मापाची कथा अधिक चीड आणणारी आहे. कागदावर लिहिलेले असते ‘१ इंच’. भाबडा माणूस पट्टी काढून २५.४ मिलिमीटर मोजील. प्रत्यक्षात हा सेन्सर १३.२ गुणिले ८.८ मिलिमीटरचा असतो. त्याचा कर्णसुद्धा १६ मिलिमीटरच्या आसपास भरतो. हे माप जुन्या काळच्या व्हिडिओ कॅमेऱ्यांतल्या काचेच्या नळीच्या बाहेरच्या व्यासावरून चालत आले आहे. त्या नळ्या केव्हाच इतिहासजमा झाल्या, पण त्यांचे माप आजही ग्राहकाच्या डोळ्यांत धूळ फेकायला हजर आहे. स्वस्त कॅमेऱ्यात ‘१/२.३ इंच’ असे लिहिलेले असते. आता एकाला दोन पूर्णांक तीन दशांशाने भागून, त्याचा वर्ग करून, दुसऱ्याशी ताडून पाहण्याइतकी सवड आणि उत्साह किती जणांकडे असतो? सरळ लिहा ना, की एकाचे क्षेत्रफळ साधारण २८ चौरस मिलिमीटर आहे आणि दुसऱ्याचे ११६, म्हणजे चौपट. पण तसे लिहिले तर लहान सेन्सरवाला कॅमेरा विकत कोण घेणार!

आणि झूम. या एका ओळीने ग्राहकांची जितकी दिशाभूल केली आहे तितकी दुसऱ्या कशाने केली नसेल. पहिल्याचा झूम ८.३ पट, दुसऱ्याचा ४.२ पट, म्हणून पहिला दुपटीने सरस, असा तक्त्याचा हिशेब. हा ‘पट’ म्हणजे लेन्सच्या लांबच्या टोकाच्या मिलिमीटरांना जवळच्या टोकाच्या मिलिमीटरांनी भागल्यावर येणारा आकडा; मिलिमीटर जितके कमी तितके जास्त रुंद दृश्य चौकटीत मावते. लेन्स सुरू कुठून होते हे त्यातून अजिबात कळत नाही. २४ ते ७२ मिलिमीटर हेही तीन पट आणि ३० ते ९० हेही तीन पटच, पण लहानशा खोलीत दहाजणांचा फोटो काढायचा असेल तर पहिल्यात सगळे मावतील आणि दुसऱ्यात कडेची माणसे कापली जातील. इथे निदान दोन्ही लेन्स २४ पासून सुरू होतात, कॅननची १०० पर्यंत जाते आणि सोनीची २०० पर्यंत, एवढे समजते. पण त्या लांब पल्ल्याची किंमत प्रकाशात मोजावी लागते, आणि ती किंमत दुसऱ्याच कुठल्या तरी ओळीत बारीक अक्षरांत दडवलेली असते. कॅननचे ॲपर्चर एफ/१.८ ते २.८ आणि सोनीचे एफ/२.८ ते ४.५, आणि हा आकडा जितका लहान तितके भोक मोठे. म्हणजे जवळच्या टोकाला कॅननच्या लेन्समधून जवळजवळ अडीचपट प्रकाश आत येतो. संध्याकाळच्या वेळी घरात फोटो काढणाऱ्यासाठी ही सगळ्यांत मोठी गोष्ट आहे. तक्ता मात्र झूमला विजयी घोषित करून पुढच्या ओळीकडे वळलेला असतो.

बरे, हे दोन आकडेही पुरते प्रामाणिक नाहीत. एफ/१.८ हा फक्त सुरुवातीच्या टोकाचा आकडा असतो. झूमची कळ जराशी सरकवली की ॲपर्चर आवळायला लागते, आणि ते किती झपाट्याने आवळते हे प्रत्येक लेन्सनुसार वेगळे असते. ३५ ला किती उरते, ५० ला किती, ७० ला किती, हे तीन आकडे छापायला एक ओळ पुरेल. माणसांचे बहुतेक फोटो याच मधल्या पट्ट्यात काढले जातात. नेमके तेवढेच सगळ्यांनी मिळून गुलदस्त्यात ठेवले आहे.

जवळून फोटो काढण्याच्या अंतराचेही तसेच. कॅननचे ५ सेंटिमीटर, सोनीचे ८. पुन्हा हिरवी खूण. हे अंतर झूम मुळीच ताणलेला नसतानाचे असते. फुलापासून पाच सेंटिमीटरवर कॅमेरा नेऊन बघा, लेन्सची आणि आपल्याच बोटांची सावली फुलावर पडते आणि त्यावरचा मुंगळा केव्हाच पसार झालेला असतो. कामाचे अंतर असते ते झूम पूर्ण ताणल्यावरचे, आणि तिथे कॅननला ४० सेंटिमीटर लागतात व सोनीला पूर्ण एक मीटर. अर्थात सोनीची लेन्स दुप्पट लांब ताणलेली असते, हेही लक्षात घ्यावे लागते. हे सगळे शोधायला माहितीपुस्तिकेच्या शेवटच्या पानांपर्यंत खणत जावे लागते.

फोकसच्या बिंदूंची तुलना ३५७ विरुद्ध ३१ अशी छापलेली असते. इथे तक्त्याचा निकाल बरोबर आहे, पण तो चुकून बरोबर आहे. खरा फरक पहिल्यातल्या फेज-डिटेक्शन पद्धतीचा आहे. विषय पुढे सरकला की मागे, हे त्या पद्धतीने थेट कळते. दुसऱ्यात लेन्स पुढेमागे हलवून चित्र कुठे स्पष्ट होते याचा अंदाज घ्यावा लागतो. धावत्या मुलाचा फोटो काढताना फरक पडतो तो या पद्धतीमुळे. पण पद्धत छापून कोणाला भुरळ पडते? आकडा छापला की काम फत्ते. मागच्या पडद्याबाबतही तेच: ‘९ लाख २१ हजार डॉट्स’ असे भारदस्त लिहायचे आणि प्रत्येक पिक्सेलसाठी लाल, हिरवा, निळा असे तीन डॉट मोजले आहेत, म्हणजे खरे पिक्सेल ३ लाख ७ हजारच आहेत, हे वाचणाऱ्याने स्वतःच ओळखायचे.

बॅटरीबाबत तर जपानच्या सीपा या कॅमेरा उद्योगाच्या संघटनेने ठरवून दिलेली एक चाचणी आहे, आणि ती सगळ्यांना सारखी लागू आहे हे मी मान्य करतो. दर ३० सेकंदांनी एक फोटो, प्रत्येक फोटोआधी झूम या टोकाचा त्या टोकाला, दर दुसऱ्या फोटोला फ्लॅश, आणि दर दहा फोटोंनंतर कॅमेरा बंद करून पुन्हा सुरू. त्यानुसार सोनीचे २६० फोटो आणि कॅननचे २३५. ठीक आहे. पण फ्लॅशला हात न लावणारा माणूस यापेक्षा कितीतरी जास्त फोटो काढेल आणि काढलेला प्रत्येक फोटो मागच्या पडद्यावर मोठा करून बघत बसणारा कितीतरी कमी, हे स्पष्टीकरण कुठेही न देता २५ फोटोंच्या फरकावर विजयाची खूण ठोकून मोकळे होतात.

आता कोणी म्हणेल की तक्ते सोडा, परीक्षणे वाचा. वाचली. त्यातले नमुन्याचे फोटो एका कॅमेऱ्याने लख्ख दुपारी काढलेले असतात आणि दुसऱ्याने ढगाळ सकाळी, तेही वेगवेगळ्या जागी. वर २० मेगापिक्सेलचा तो फोटो पानात बसवण्यासाठी दोन मेगापिक्सेलच्याही खाली आणलेला असतो, आणि एवढा लहान केल्यावर कुठल्याही दोन कॅमेऱ्यांमधला फरक पुसला जातो. शेवटी शंभरपैकी गुण देतात: याला ८२, त्याला ८४. ते दोन गुण कशाचे, हे विचारायची सोय नाही. खाली मात्र दोन्ही कॅमेरे विकत घेण्याची दोन ठळक बटणे असतात, आणि कोणतेही दाबले तरी परीक्षकाला दलाली मिळणारच असते, मग त्याने ठाम मत देऊन एका बाजूचे गिऱ्हाईक कशाला घालवावे?

त्यातच एकाच कॅमेऱ्याला ठिकठिकाणी वेगळी नावे देण्याची खोड. पॅनासॉनिकचा २०१६ सालचा एक कॅमेरा अमेरिकेत झेडएस१००, युरोपात टीझेड१०० आणि जपानमध्ये टीएक्स१ या नावाने विकला गेला. कॅननचे छोटे कॅमेरे कुठे इक्सस, कुठे एल्फ, तर जपानमध्ये इक्सी. तिसरा पर्याय म्हणून एखाद्या कॅमेऱ्याचा विचार करायला घ्यावा, तर एका नावाखालचे वापरणाऱ्यांचे अनुभव दुसऱ्या नावाखाली सापडत नाहीत, आणि तुलनेच्या काही यंत्रणा तर एकाच कॅमेऱ्याला त्याच्याच दुसऱ्या नावासमोर उभे करून निकालही देऊन टाकतात.

मग माणूस हातात घेऊन पाहावे म्हणून दुकानात जातो. तिथे कॅमेरा तारेने मेजाला बांधलेला, आणि आत बॅटरी नाही. या जातीच्या कॅमेऱ्यात लेन्स मोटरवर बाहेर येते. वीज नसेल तर ती आतच मिटून राहते, पडदा उजळत नाही, मेनू दिसत नाही, शटरची कळ नुसती खाली जाते आणि वर येते. म्हणजे तीनशे ग्रॅमचा एक बंद डबा हातात धरून आपण निर्णय घ्यायचा. बॅटरी घालून दाखवता का, असे विचारले की विक्रेता खोक्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवतो, जो आपण येण्यापूर्वीच पाठ केलेला असतो, आणि शिवाय वर ‘यापेक्षा चांगला मोबाइल का नाही घेत?’ हा सल्ला फुकट.

सुरू केल्यापासून पहिला फोटो निघेपर्यंत किती वेळ जातो, फोटो उजळ किंवा गडद करायला किती वेळा कळ दाबावी लागते, हात ओले असताना पकड सुटते का, लेन्स आतबाहेर होताना शिरलेली धूळ सेन्सरवर बसली तर ती कोण काढणार आणि तोवर कॅमेरा किती दिवस दुरुस्तीत अडकणार, यांपैकी एकही ओळ मला कुठल्याही तक्त्यात दिसलेली नाही. २०१० साली जगभरात अशा कॅमेऱ्यांचे १० कोटींहून अधिक नग कारखान्यांतून बाहेर पडले होते. २०२३ साली तो आकडा २० लाखांच्याही खाली होता. तेव्हा शेकडो मॉडेलांच्या गर्दीत नीट तुलना करणे कोणाला जमत नव्हते, हे एक वेळ समजून घेता येईल. आज निवडीला मूठभर मॉडेले उरली आहेत, त्यांतली कित्येक वर्षानुवर्षे तीच आहेत, आणि तरीही तुलना करणाऱ्यांना ती जमू नये?

आणि या सगळ्यावर कडी म्हणजे प्रत्येक परीक्षणाचे शेवटचे वाक्य: ‘दोन्ही कॅमेरे उत्तम आहेत, आपल्या गरजेनुसार निवडा.’ गरज मला ठाऊक आहे. मंद दिव्यांच्या सभागृहात, मागच्या रांगेत बसून, रंगमंचावर नाचणाऱ्या मुलीचा स्पष्ट फोटो मला काढायचा आहे. २०० मिलिमीटरपर्यंत जाऊन एफ/४.५ च्या अंधुक प्रकाशात आयएसओ (सेन्सरची प्रकाशसंवेदनशीलता) वाढवावे आणि दाणेदार चित्र पत्करावे, की १०० मिलिमीटरला एफ/२.८ वर थांबून नंतर चित्र कापून घ्यावे, आणि तेवढ्या अंधारात त्या ३५७ बिंदूंचा कितपत उपयोग होतो, हा माझा प्रश्न आहे. त्याचे उत्तर एकाच जागी, एकाच उजेडात दोन्ही कॅमेऱ्यांनी काढलेले फक्त दोन फोटो देतील. तेवढे दोन फोटो कोणीतरी काढून दाखवा आणि तो तक्ता खुशाल तुमच्याजवळ ठेवा.