सांगोल्याचे आबा ११ वेळा जिंकले, पण ‘सलग’ नव्हे

सोलापूर जिल्ह्यातल्या सांगोल्याचे शेतकरी कामगार पक्षाचे (शेकाप) नेते गणपतराव देशमुख, म्हणजेच आबा, यांचं नाव निघालं की एक मजकूर हमखास फिरू लागतो. त्यात म्हटलेलं असतं की आबा १९६२ पासून सांगोल्यातून सलग ११ वेळा निवडून आले, ५५ वर्षं आमदार होते, एकही निवडणूक हरले नाहीत आणि हा देशातला विक्रम आहे. अलीकडे त्याला शेपूटही जोडलं गेलंय: हे सगळं एका जातीच्या मतांवर झालं, २०१९ ला लोकांनी आबांना पाडलं, आणि २०२४ ला शेकाप जिंकला तो आघाडीच्या आणि मतविभागणीच्या जोरावर. यातला ११ हा आकडा बरोबर आहे. त्याच्याभोवती रचलेलं जवळजवळ सगळं चुकीचं आहे.

‘सलग ११ वेळा, एकदाही पराभव नाही’

पराभव दोनदा झाला. महाराष्ट्र राज्य झाल्यानंतरच्या पहिल्या, म्हणजे १९६२ च्या विधानसभा निवडणुकीत आबा जिंकले. १९६७ लाही जिंकले. १९७२ ला सांगोल्याची जागा काँग्रेसकडे गेली. ती मुदतीच्या मधेच रिकामी झाली आणि १९७४ च्या पोटनिवडणुकीत आबा परत आले. पुढे १९७८, १९८०, १९८५, १९९० असे ओळीने चार विजय. १९९५ ला काँग्रेसच्या शहाजीबापू पाटलांनी त्यांना १९२ मतांनी हरवलं. एका मतदान केंद्रावर किती मतदार असतात ते आठवलं, तर १९२ म्हणजे किती थोडी मतं हे कळतं. त्यानंतर १९९९, २००४, २००९ आणि २०१४ असे पुन्हा चार विजय.

म्हणजे १२ सार्वत्रिक निवडणुका आणि १ पोटनिवडणूक अशा १३ लढती झाल्या. त्यातल्या ११ जिंकल्या, २ हरल्या. सलग विजयांची त्यांची सर्वांत लांब मालिका १९७४ ते १९९० ही पाच विजयांची आहे.

मोजणी नेमकी कुठे चुकते तेही सांगायला हवं, कारण इतर मतदारसंघांचा इतिहास लिहितानाही हाच घोळ होतो. निवडणूक आयोगाचे सांख्यिकी अहवाल त्या त्या सार्वत्रिक निवडणुकीचे असतात, पोटनिवडणुकीचा निकाल त्यात नसतो. फक्त ते अहवाल उघडून सांगोल्याची ओळ शोधत गेलात तर आबांचे विजय १० भरतात. मग अकरावा कुठला, या प्रश्नावर लोक १९७२ चा पराभवच विजय म्हणून धरतात आणि ‘सलग’ हा शब्द तिथे चिकटतो. दुसरी चूक दर पाच वर्षांनी एक निवडणूक धरण्याची. १९७२ ची विधानसभा आणीबाणीत मुदतवाढ मिळून १९७८ पर्यंत चालली, आणि १९७८ ची दोनच वर्षांत बरखास्त झाली. कॅलेंडरवर पाचाच्या पटीत मोजणाऱ्याचा हिशेब इथेच फसतो.

तिसरी गोष्ट सीमांची. नाव तेच राहिलं तरी मतदारसंघ तोच राहत नाही. २००८ च्या पुनर्रचनेनंतर सांगोला हा २५३ क्रमांकाचा मतदारसंघ झाला आणि पंढरपूरऐवजी माढा लोकसभेत गेला. सांगोला तालुक्याबरोबर पंढरपूर तालुक्यातलं भाळवणी महसूल मंडळही त्यात आहे. म्हणून २००४ आणि २००९ ची मतं शेजारी ठेवून ‘इतकी वाढली, तितकी घटली’ असं म्हणता येत नाही.

‘५५ वर्षं आमदार’

१९६२ ते २०१९ हा काळ ५७ वर्षांचा. त्यातून १९७२ ते ७४ ची साधारण दोन आणि १९९५ ते ९९ ची साडेचार वर्षं वजा केली की जेमतेम ५१ उरतात. १९८० मधली राष्ट्रपती राजवट धरली तर आणखी काही महिने कमी. ५१ हाही थक्क करणारा आकडा आहे, तो फुगवण्याची काहीच गरज नाही.

‘देशातला विक्रम’

केरळच्या पाला मतदारसंघातून के. एम. माणी १९६५ ते २०१६ या काळात १३ वेळा निवडून आले, एकदाही न हरता. (१९६५ ची केरळ विधानसभा भरलीच नाही, तो विजय वगळला तरी १२ राहतात.) केरळमधल्याच पुथुपल्लीतून ओमन चंडी १९७० ते २०२१ दरम्यान १२ वेळा जिंकले. तमिळनाडूचे करुणानिधीही १३ वेळा आमदार झाले, फक्त मतदारसंघ बदलत. २००९ ला आबांचा दहावा विजय झाला तेव्हा करुणानिधींशी बरोबरी झाल्याच्या बातम्या आल्या होत्या. पण २००६ पर्यंतच करुणानिधींचे ११ विजय झाले होते. आबांचा ११ हा विक्रम महाराष्ट्राचा आहे, आणि तेवढाच लिहावा.

‘जातीच्या मतांवर’

मतमोजणीत जात नोंदली जात नाही. सर्वांत बारीक अधिकृत आकडा मिळतो तो फॉर्म २० या निकालपत्रकात, आणि तो मतदान केंद्रनिहाय असतो. एका केंद्रावर अनेक वस्त्यांची मतं एकत्र येतात. त्यातून ‘अमक्या समाजाची इतके टक्के मतं’ काढणारा माणूस अंदाज सांगतोय, आकडा नाही. शिवाय आबा मूळचे मोहोळ तालुक्यातल्या पेनूरचे, वकिली करायला सांगोल्यात आलेले. भावकीचं आयतं जाळं त्यांच्यामागे नव्हतं. पाण्याचा प्रश्न मात्र त्यांनी शेवटपर्यंत सोडला नाही. १९९३ पासून आटपाडीत भरणाऱ्या १३ दुष्काळी तालुक्यांच्या पाणी परिषदेत नागनाथअण्णा नायकवडींसोबत ते उभे होते. टेंभू आणि म्हैसाळ या उपसा सिंचन योजनांच्या पाण्यासाठी गावोगावची माणसं वर्षानुवर्षं तिथे जात राहिली. सांगोल्याची मतं समजून घ्यायची तर हा धागा आधी पकडावा लागतो. त्यांच्या राजकारणाला फक्त जातीचं लेबल लावणं हा त्या माणसांवर अन्याय आहे.

‘२०१९ ला आबांना पाडलं’

आबा २०१९ ला उभेच नव्हते. शेकापकडून त्यांचे नातू डॉ. अनिकेत देशमुख लढले. शिवसेनेच्या शहाजीबापूंना ९९,४६४ आणि अनिकेत यांना ९८,६९६ मतं पडली, फरक ७६८ चा. आबांची शेवटची निवडणूक २०१४ ची, आणि ती त्यांनी शहाजीबापूंविरुद्धच २५,२२४ मतांनी जिंकली होती. ३० जुलै २०२१ ला ते गेले तेव्हा त्यांच्या नावावर १९९५ नंतरचा एकही पराभव नव्हता.

‘२०२४ ला आघाडीने आणि मतविभागणीने तारलं’

इथे तर गोष्ट उलटी आहे. महाविकास आघाडीतून सांगोल्यात ठाकरेंच्या शिवसेनेचे दीपक साळुंखे मशाल चिन्हावर उभे होते. शेकापचे डॉ. बाबासाहेब देशमुख त्यांच्याही विरोधात लढले. मतं अशी: बाबासाहेब १,१६,२५६, महायुतीतल्या शिंदेंच्या शिवसेनेचे शहाजीबापू ९०,८७०, साळुंखे ५०,९६२. फरक २५,३८६.

दुसऱ्या आणि तिसऱ्याची बेरीज १,४१,८३२ होते, म्हणून मतविभागणीचा दावा पटण्यासारखा वाटतो. पण साळुंखेंची सगळी मतं एरवी शहाजीबापूंनाच गेली असती असं गृहीत धरल्याशिवाय ही बेरीज करता येत नाही, आणि ती मतं महायुतीविरोधी चिन्हावर पडलेली होती. त्यापेक्षा त्याच सीमांवरच्या दोन निवडणुका शेजारी ठेवा. २०१९ च्या तुलनेत शहाजीबापूंची ८,५९४ मतं घटली आणि शेकापची १७,५६० वाढली. नुसती विभागणी झाली असती, तर शेकापचा आकडा जागेवर राहून समोरचा तेवढा खाली आला असता. राज्यभरात त्या वेळी शेकापला मिळालेली ही एकमेव जागा.