‘लेडीज साइज’ म्हणे!

आज डोकं फिरलंय, आधीच सांगून ठेवते. पोस्ट लांबणार आहे.

सिगार घ्यायला गेले होते. मला लान्सेरो हवा होता. साडेसात इंच लांब, ३८ रिंग गेज (म्हणजे जाडीचं माप), एकदम सडपातळ. मी तोंड उघडायच्या आत काउंटरवरचा माणूस म्हणतो, "मॅडम, हे बारीक बघा, लेडीज साइज. लाइट असतं." शेजारी एक पोरगा उभा होता, बहुतेक पहिल्यांदाच आलेला. त्याला काय काढून दिलं? गोर्डो, एकदम जाडजूड. सहा इंच, ६० गेज. "सर, हातात घेतल्यावर काहीतरी वाटलं पाहिजे." अरे, काय वाटलं पाहिजे?

मला हवं होतं तेच मिळालं, तरी मी धुमसतच बाहेर पडले. पैसे मीच दिले आणि त्याचं ते समजूतदार हसूही मीच झेललं.

लेडीज साइज! क्युबाच्या फिडेल कॅस्ट्रोच्या हातात कोहिबा या क्युबन ब्रँडचा हाच लांब, बारीक आकार असायचा. १९८५ मध्ये त्यांनी सिगार सोडला, तोवर त्यांना कुणी "सर, तुम्ही जरा जाड घ्या" म्हटल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही.

आणि ‘लाइट’ कुठून आलं? कडकपणा जाडीवर नसतो हो, आतल्या पानावर असतो. झाडाच्या शेंड्याकडचं, जास्त ऊन खाल्लेलं लिगेरो आत जास्त भरलं तर बोटभर सिगारही डोकं गरगरवतो. खालचं वोलाडो आणि मधलं सेको जास्त असेल तर जाडजूड सिगारही गुमान बसतो. एवढं सिगार विकणाऱ्याला माहीत नसावं?

माझ्या मामाने मला सिगारबद्दल एकच प्रश्न शिकवला. त्याच्याकडे चांगला भरलेला ह्युमिडोर, म्हणजे सिगार सुकू नयेत म्हणून ठेवायची पेटी, होता. मी गेले की तो झाकण उघडायच्या आधी विचारायचा, "घरी कधी निघायचंय?" तासाभरात म्हटलं की लांबलचक चर्चिलला हातही लावायचा नाही, दोन छोटे पेटिट कोरोना काढायचा. बास. कोण बाई, कोण बाप्या, कोण नवखं, कोण मुरलेलं, हे कधी विचारलं नाही. वेळ विचारला.

मापांत सगळ्यात कामाची गोष्ट तीच आहे. पेटिट कोरोना अर्धा-पाऊण तास. रोबुस्टो, म्हणजे पाच इंच आणि ५० गेज, पाऊण ते एक तास. चर्चिल, सात इंच आणि ४७ गेज, दीड तास धरा. घाईघाईने झुरके मारलेत तर चर्चिलच काय, कुठलाही सिगार तापतो आणि कडू होतो. बारीक तर फारच लवकर, तो घाई अजिबात सहन करत नाही. त्या पोराचं काय झालं असेल सांगू? तो गोर्डो त्याने अर्ध्यावर टाकला असेल, तोंड कडू झालं असेल आणि ‘सिगार आपल्याला झेपत नाही’ असं कायमचं ठरवून टाकलं असेल.

रिंग गेज म्हणजे फार गूढ काही नाही. इंचाचे ६४ भाग, त्यातले किती, एवढंच. ६४ म्हणजे बरोबर एक इंच जाड. ४२ आणि ६० ऐकायला जवळचे वाटतात, पण टोक कापून बघा. ६० चं कापलेलं तोंड ४२ च्या दुप्पट असतं. आत पान दुप्पट आणि बाहेरून गुंडाळलेलं पान, म्हणजे रॅपर, दीडपटसुद्धा नाही. म्हणून बारीक सिगारमध्ये रॅपर बोलतं, जाड सिगारमध्ये फिलर, म्हणजे आत भरलेली पानं. तुम्ही रॅपर सुंदर आहे म्हणून भाव खाणारा सिगार घेता आणि तोच ६० गेजमध्ये घेता, तर त्या रॅपरचे पैसे कशाचे दिलेत?

शिवाय लान्सेरो वळायला सगळ्यात अवघड आकारांपैकी एक. एवढ्याशा जागेत पानं बसवायची, जरा जास्त दाबली की धूरच ओढला जात नाही. हातखंडा कारागीर लागतो. आणि हा म्हणे लाइट.

बरं, मान्य, जाड सिगार थंड जळतो, ओढायला मोकळा असतो आणि आत चार प्रकारची पानं ऐसपैस बसतात. पुढे.

(आणि हो, मोठ्या सिगारमध्ये सिगरेटच्या अख्ख्या पाकिटाएवढा तंबाखू असू शकतो, धूर आत घेतला नाही तरी तोंडाच्या कॅन्सरचा धोका चुकत नाही. माहीत आहे. कमेंटमध्ये फोटो टाकू नका. खरं तर लहान माप घ्यायला हेही एक कारण आहेच.)

लिहिता लिहिता मामाचंच आठवतंय. एकदा कुणीतरी त्याला भेट म्हणून गोर्डोचा डबा दिला. त्याने उघडला, वास घेतला, म्हणाला, "छान आहेत, पण एवढा वेळ बसायला माणसं कुठून आणू?" तेव्हा मी हसले होते. निवृत्त झाल्यावर तो मुद्दाम चर्चिल घ्यायला लागला, कारण आता त्याच्याकडे दुपारच्या दुपार होत्या. आम्ही मात्र सगळे तासाभरात निघणारे. मग तो आम्ही आलो की पेटिट कोरोनाच काढायचा. चर्चिल एकट्याने ओढायचा.

असो.

तो पोरगा ही पोस्ट वाचणार नाही, पण त्याच्यासारखं कुणी असेल तर ऐका. नावांवर जाऊ नका. एका कंपनीचा टोरो दुसरीच्या रोबुस्टोपेक्षा नावापुरताच मोठा निघतो, म्हणून लांबी आणि गेज हे दोन आकडे विचारा. टोकदार टॉर्पेडो नंतर कधीतरी, तो कापायचा कुठे हे कळायला हात बसावा लागतो. सुरुवात कोरोनाने करा, साडेपाच इंच, ४२ गेज. तेवढा वेळ नसेल तर पेटिट कोरोना. आवडला तर त्याच ब्रँडचा तोच सिगार रोबुस्टोमध्ये घ्या आणि चव किती बदलते बघा, यातली खरी गंमत तिथे आहे. आणि काउंटरवरचा माणूस तुमच्याकडे वरपासून खालपर्यंत बघून माप ठरवायला लागला, तर त्याला सांगा, मला पाऊण तास आहे, पाऊण तासाचं काय आहे ते दाखव.

मीही पुढच्या वेळी तेच सांगणार आहे, जरा मोठ्या आवाजात.