अर्धी भरलेली बाटली

काल रात्री आत्याच्या मुलाचा फोन आला. मनमाडजवळ शेती आहे त्याची, माझ्यापेक्षा मोठा म्हणून मी दादाच म्हणतो. पाऊस कसा, कांदा कसा हे सगळं झालं आणि मग म्हणाला, "तू लॅबवाला ना, मग सांग, त्या पानेवाडीच्या टाक्या कधी पेटल्या तर आमच्यापर्यंत येईल का रे?" मी म्हटलं दादा, पेटायचं बघायला तिथं चोवीस तास माणसं आहेत, तू मला हे सांग की तुझ्या विहिरीचं पाणी कोणी कधी तपासलंय का. तर म्हणतो, "विहिरीत पाणी राहू दे आधी, मग तपासू."

मनमाडचा माणूस, पाण्यावरचा विनोद त्यालाच शोभतो. वर्षानुवर्षं वागदर्डी धरणात पालखेडच्या कालव्याचं आवर्तन आलं तर नळाला पाणी, नाहीतर घरोघरी ड्रम लावलेलेच. अशा गावाशेजारी पानेवाडीत इंधनाचे एवढे मोठे डेपो आहेत आणि आपण नाशिककर त्यांची आठवण काढतो ती दोनच गोष्टींमुळे. एक, २५ जानेवारी २०११, मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना इंधनात भेसळ करणाऱ्यांनी जाळलं तो दिवस. दुसरी, जानेवारी २०२४ मधला टँकर ड्रायव्हरांचा संप, तेव्हा आपण सगळे पंपावर रांगा लावून उभे होतो. बाकी वर्षभर मुंबईकडून पाइपलाइनने माल येतो, टाकीत पडतो, टँकरमध्ये भरतो, आपल्या गाडीत येतो, विषय संपला.

पानेवाडीत काही गळतंय असं मी अजिबात म्हणत नाहीये, उगाच कमेंटमध्ये भांडू नका. मी कुठल्याही टर्मिनलबद्दल, म्हणजे इंधन साठवायच्या डेपोबद्दल बोलतोय. पर्यावरण म्हटलं की आपल्याकडे गेटपाशी अशोकाची झाडं आणि ५ जूनला एक बॅनर. खरं पर्यावरण तिथं एका व्हॉल्व्हवर असतं.

म्हणजे असं की टाक्यांभोवती भिंत बांधलेली असते, डाइक म्हणतात तिला, सगळ्यात मोठी टाकी फुटली तरी माल आतच राहिला पाहिजे एवढी तिची जागा धरतात. आता पाऊस पडला की त्या भिंतीच्या आत पाणी साचणारच, ते काढायला ड्रेन आणि ड्रेनला व्हॉल्व्ह. नियम सोपा आहे, व्हॉल्व्ह एरवी बंद, पाऊस थांबला की माणसाने जाऊन बघायचं, पाण्यावर तवंग नसेल तर उघडायचा, असेल तर ते पाणी आधी तेल-पाणी वेगळं करायच्या टाकीत न्यायचं, आणि मग नाल्यात सोडताना लिटरमागे १० मिलिग्रॅमच्या वर तेल नको. पण रात्री दोनला धो धो पाऊस कोसळत असताना छत्री घेऊन तवंग बघायला कोण जातो? मग तो व्हॉल्व्ह "जरा" उघडाच राहतो. २००९ च्या ऑक्टोबरमध्ये जयपूरला सीतापुऱ्याच्या टर्मिनलमध्ये पेट्रोल तासाभराहून जास्त वेळ कारंज्यासारखं उडत राहिलं, ११ माणसं गेली, आग दहा-अकरा दिवस चालली, आणि चौकशीत काय निघालं तर डाइकचा व्हॉल्व्ह उघडा होता, पेट्रोल भिंतीच्या आत थांबायच्या ऐवजी पावसाच्या गटारातून पसरत गेलं. त्यानंतर लांबून बंद होणारे व्हॉल्व्ह, वाफ ओळखणारे सेन्सर, टाकी काठोकाठ भरायच्या आत आपोआप थांबवणारी यंत्रणा हे सगळं आलं, चांगलंच झालं. पण हे सगळं आगीसाठी. हळूहळू झिरपणाऱ्याला सायरन नसतो.

आणि आपली जमीन बघा. वर थोडी काळी माती, खाली मुरूम, त्याखाली काळा पाषाण. लोकांना वाटतं पाषाण म्हणजे पक्का, खाली काही जाणार नाही. अहो, आपल्या विहिरींना पाणी येतं ते त्याच पाषाणाच्या फटींतून! पाणी येतं त्याच वाटेने पेट्रोलही येतं, आणि वाळूच्या जमिनीत जसं सगळीकडे सारखं पसरेल तसं इथं पसरत नाही, शेजारची विहीर स्वच्छ आणि चार शेतं सोडून पाचव्याच्या विहिरीला वास, असं होऊ शकतं. त्यात आता इथेनॉल. २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल जमिनीत गेलं की मातीतले जिवाणू आधी इथेनॉल खातात (गोड लागत असेल!), ऑक्सिजन त्यातच संपतो, आणि पेट्रोलमधलं बेंझीन, जे कॅन्सरचं कारण म्हणून सिद्ध झालंय, ते तसंच राहून आणखी लांब जातं.

आता माझीच एक गोष्ट सांगतो, लाज वाटते पण सांगतो. काही वर्षांपूर्वी नाशिकबाहेरच्या एका कॉलनीतून तक्रार आली, बोअरच्या पाण्याला रॉकेलसारखा वास, शेजारी पेट्रोल पंप. ज्यांच्याकडे तक्रार गेली त्यांचा माणूस सॅम्पल घेऊन आमच्या लॅबमध्ये आला. प्लास्टिकची पाण्याची बाटली, अर्धी भरलेली, स्कूटीच्या डिकीतून, मे महिन्यात. झाकण उघडलं तेव्हा भसकन वास आला, मला अजून आठवतो. बेंझीन उडून जातं हो! त्याला काचेची छोटी बाटली लागते, काठोकाठ भरलेली, उलटी केली तर एक बुडबुडा दिसता कामा नये, आणि लॅबला येईपर्यंत बर्फात. मी म्हटलं हे सॅम्पल घेता येणार नाही. वरून सांगितलं, घ्या, लावा मशीनवर. लावलं. रिपोर्टमध्ये आलं "आढळले नाही" आणि खाली माझी सही. त्या कॉलनीतल्या एक काकू नंतर रिपोर्टची झेरॉक्स घेऊन आल्या होत्या, मला म्हणाल्या, "भाऊ, मग वास कशाचा येतो?" काही बोललो नाही मी.

म्हणून मला रिपोर्टमधल्या आकड्याआधी बाटली बघायची असते. टर्मिनलच्या भिंतीलगत पिझोमीटर म्हणजे तपासणीच्या बोअर असतात, त्यांचं पाणी कोण काढतो, कशात काढतो, कोणासमोर? गावातल्या दोन माणसांसमोर काढा ना, पावसाळ्याआधी एकदा आणि नंतर एकदा, आणि आकडा ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावा, मराठीत. कंपनीलाही बरंच आहे की, पुढे कोणी बोट दाखवलं तर जुना आकडा हातात असेल. ज्या टर्मिनलला २००६ च्या नियमाखाली पर्यावरण मंजुरी आहे त्यांना दर १ जून आणि १ डिसेंबरला अहवाल द्यावाच लागतो आणि तो लोकांना बघता येतो, पण तो इंग्रजीत, शे-दीडशे पानांचा, दादाने कधी वाचायचा?

फोमचं पण एक राहिलंच. आग विझवायच्या फोममध्ये, निदान जुन्या प्रकारच्या, अशी रसायनं असतात जी वर्षानुवर्षं तुटतच नाहीत. इंग्लंडात बन्सफील्डला डिसेंबर २००५ मध्ये टाकी भरून वाहिली, स्फोट झाला, सुदैवाने कोणी मेलं नाही, पण इंधन आणि फोमचं पाणी जमिनीखालच्या पाण्यात उतरलं. आपल्याकडे मॉक ड्रिल होतं तेव्हा टाळ्या वाजतात, फोटो येतो, तो फेस धुऊन कुठल्या नाल्यात गेला हे एकाही बातमीत नसतं.

दादाला मी म्हटलं, पाऊस उघडला की येतो, विहीर बघू. म्हणाला, "ये, पण वास आला तर करायचं काय?" आधी सॅम्पल तर नीट घेऊ म्हटलं. माझ्याकडे काचेच्या चाळीस मिलीच्या बारा बाटल्या आहेत, दादाला दोन पुरतील. बाकीच्या दहा त्या भागातल्या कोणाला हव्या असतील तर मेसेज करा, बर्फ तेवढा तुमचा.